खोली घ्यायची तर कशासाठी?

गेल्या महिन्यात आमच्या प्रार्थना-संगतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका भावाने फोटो टाकला. चिंचवडच्या बाजूला नव्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. पांढऱ्या फरशा, वर ओढायचं शटर, आत भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी. खाली एक ओळ: ‘प्रभूने दार उघडलं आहे. वर्गणी काढू या?’ पाच मिनिटांत बावीस ‘आमेन’ आणि जोडलेल्या हातांची रांग. मी ‘थांबा’ असं लिहिलं आणि पाठवायच्या आधीच पुसलं. एवढ्या आमेनांमध्ये एकट्याचं ‘थांबा’ म्हणजे मुहूर्तावर शिंकल्यासारखं. पण ते मनातून गेलेलं नाही, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो.

आमची संगती टाळेबंदीत जन्मली. २०२० च्या मार्चअखेर सगळं बंद झालं. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला, पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, १२ एप्रिलला, आणि दोन्ही घरातच गेले. चार-पाच कुटुंबांनी रोज रात्री नऊला झूमवर प्रार्थना सुरू केली. मग कोणाची मावशी आली, कोणाचा मस्कतमधला भाऊ, टोरंटोची चुलत बहीण. नगर, जालना, सोलापूर, नाशिक, वसई अशी गावं जोडली गेली. राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला परत उघडली. रात्री नऊची सभा मात्र थांबली नाही. कारण तोवर तिथे अशी माणसं जमली होती जी उघड्या चर्चमध्येही बसत नव्हती: रात्रपाळीची नर्स, अंथरुणाला खिळलेली आजी, कमिटीच्या भांडणांना विटलेला माणूस, नवऱ्याच्या बदलीपायी मराठी उपासनाच नसलेल्या गावात जाऊन पडलेली बाई.

तेव्हा ‘ऑनलाइन म्हणजे खोटं, खोली म्हणजे खरं’ असली वाटणी मला मान्य नाही. पण स्क्रीनवर जमतं तेवढं पुरे, असंही मला म्हणवत नाही. त्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. इतक्या वर्षांत आम्ही एकदाही एकत्र गायलेलो नाही.

म्हणजे प्रयत्न केला. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक सगळ्यांच्या घरी आहे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं निम्म्यांना तोंडपाठ आहेत. एका नाताळात ठरलं, आज कोणी म्यूट व्हायचं नाही. नाशिकच्या दादांनी पेटी घेतली, सोलापूरच्या मुलाने ढोलकी. पहिल्या ओळीलाच आवाज एकमेकांच्या मागे धावायला लागले. आवाज पोचायला प्रत्येक घरी वेगवेगळा उशीर, त्यामुळे ढोलकीची सम कोणाच्याच शब्दाला सापडेना. झांज वाजवणाऱ्या मावशी वैतागून म्हणाल्या, ‘बाबांनो, हे भजन आहे का बाजार?’ तेव्हापासून एकजण गातो आणि बाकीचे तोंड हलवतात. मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन हे तोंडी लावणं नाही. भजनाला लागतात एका खोलीतली माणसं आणि एक ताल. तीच गत हार्वेस्टची. सुगीच्या सणाला उपासनेनंतर अंगणात कोंबडीचा, नारळाचा, दुधीभोपळ्याचा लिलाव होतो. पन्नासची कोंबडी पाचशेला जाते आणि घेणारा ती पुन्हा लिलावाला लावतो. हे फोनवर करून पाहा.

दुसरं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात जालन्याकडचे आमचे एक काका गेले. निवृत्त शिक्षक. पहिल्या आठवड्यापासून रोज हजर. फोन कसा धरायचा हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, त्यामुळे दोन वर्षं आम्ही त्यांच्या घरचा पंखाच पाहिला आणि पंख्याखालून येणारी त्यांची प्रार्थना ऐकली. गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, कसल्याशा वादानंतर त्यांनी जाणं सोडलं होतं. ते गेले त्या सकाळी आम्ही साठ जणांनी ग्रुपवर वचनं पाठवली. खड्डा मात्र त्या मंडळीतल्या पोरांनी खणला. ज्यांच्याशी काकांनी बोलणं टाकलं होतं, त्याच सेक्रेटरींनी कबरस्तानासाठी चिठ्ठी दिली. पाळकांनी अंत्यविधी केला. शेजारणीने घरच्यांना पिठलं-भाकरी पाठवली. मी पुण्याहून पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. काकूंना मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, ‘हो का, तुम्ही ते रात्रीचे.’

ते रात्रीचे! त्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागला.

मंडळी कशाला म्हणायचं, याचं उत्तर व्यासपीठावर शोधू नये, चर्चच्या कपाटात शोधावं. तिथे तीन जाड वह्या असतात: बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची. त्या वह्यांत नाव असतं म्हणून अनोळखी सेक्रेटरीसुद्धा चिठ्ठी देतो. आमच्याकडे वही नाही, रेकॉर्डिंग आहे. लग्नाचंच घ्या. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा अजून लागू आहे. चर्चमध्ये लग्न लावायला रीतसर दीक्षा मिळालेला किंवा परवाना असलेला पाळक लागतो, आणि सर्वसाधारण वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. आमची सभा भरते रात्री नऊला.

कॅथलिक चर्चने हा मुद्दा फार आधी ओळखला. २००२ मध्ये व्हॅटिकनने चर्च आणि इंटरनेट या विषयावर एक पत्रक काढलं. त्यात इंटरनेटच्या उपयोगाबद्दल बरंच चांगलं बोललेलं आहे, आणि मध्येच एक वाक्य सरळ घातलं आहे की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्यासारखे पवित्र विधी, नाहीत. पाणी, भाकर, तेल, हात ठेवणं हे सगळं शरीराचं काम. पुढे दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, ब्रिटनमध्ये मेथडिस्टांच्या पाठिंब्याने ‘चर्च ऑफ फूल्स’ नावाचं संगणकातलं चर्च उघडलं. बाहुल्यांसारखी माणसं त्यात येऊन बाकावर बसत, गुडघे टेकत. काही टवाळ थेट पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, चढून शिव्या घालत. त्यातूनच पुढे ‘सेंट पिक्सेल्स’ हा समुदाय निघाला. हे लोक पडद्यावर जमायचे आणि तरी अधूनमधून एखाद्या गावात प्रत्यक्ष भेटायचे. म्हणजे ही ओढ फक्त आम्हालाच आहे असं नाही.

मग गाळा घ्यायला हरकत काय? पहिली हरकत आमच्याच पोटात आहे.

आमच्या संगतीत चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे लोक आहेत, मेथडिस्ट आहेत, मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी) आहेत, वसईचे कॅथलिक आहेत, आणि पाण्यात पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा खरा न मानणारेही आहेत. स्क्रीनवर यांचं गुण्यागोविंदाने चालतं, कारण कठीण प्रश्न कधी समोर येतच नाही. खोली घेतली की पहिल्याच महिन्यात येईल. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, कोण देणार? मुक्तिफौजेत तर प्रभुभोजनाचा विधीच नाही. वसईच्या ताई आमच्या पाळकाच्या हातची भाकर घेणार का, आणि नाही घेतली तर बाकीच्यांना काय वाटेल? तान्ह्या बाळाला पाणी शिंपडायचं की मोठं होईस्तोवर थांबायचं? आज जी माणसं एकमेकांसाठी रडून प्रार्थना करतात ती वर्षभरात दोन गटांत बसतील, आणि आमची संगती नगर जिल्ह्यातल्या शंभर चर्चांसारखंच एकशे एकावं चर्च होईल. माझा ‘थांबा’ मुख्यतः यासाठी होता.

एक माणूस या वाटेने आमच्या आधी गेलेला आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे वीसेक वर्षं मिशनच्या चौकटीत राबले, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. कल्पना अशी, की ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक बंधुवर्ग असावा. त्यात बाप्तिस्मा घेतलेले असतील आणि न घेतलेलेही, आणि पंथाची भिंत मध्ये येऊ नये. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. आमच्यातले काहीजण म्हणतात, बघा, संस्था बांधली नाही म्हणून बुडाला. मला तसं वाटत नाही. टिळकांना पाहिजे होतं ते चर्चच्या शेजारचं काहीतरी होतं, चर्चच्या जागी येणारं नव्हे. ती जागा आजही रिकामी आहे, आणि आमची संगती नकळत तिच्यावर जाऊन बसली आहे. तिथून उठून नेहमीच्या बाकावर बसायची घाई का?

टिळकांच्या ‘बाप्तिस्मा न घेतलेल्यां’वरून आठवलं. आमच्या सभेत एक काळा चौकोन असतो. कॅमेरा कधी चालू नाही, नावाच्या जागी फक्त एक अक्षर. एकदाच तिने लिहून विचारलं होतं, ‘मुलाच्या तापासाठी प्रार्थना कराल?’ तिच्या घरात बहुधा कोणाला ठाऊक नाही. तिला आम्ही कोणीही बोलावलेलं नाही. ती आली आणि राहिली. सगळा कारभार गाळ्यात हलवला, तर ती चिंचवडला कुठे शटरखालून वाकून येणार आहे? आणि जिथे शेजाऱ्यांना एखादी प्रार्थनासभा खुपली की मामला पोलीस ठाण्यात जातो, तिथे आलेल्या माणसाचं नाव गुप्त राहत नाही. खोली ज्यांना जवळ आणते त्यांचा हिशेब सगळे करतात. खोलीमुळे बाहेर राहील तिचा हिशेब त्या बावीस आमेनांत नव्हता.

दुसरी हरकत पैशाची, आणि तीत मी अध्यात्म घालणार नाही. मालकीची जागा म्हणजे ट्रस्ट. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आणि उद्या ती मिळकत विकायची झाली तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. हे नियम वाईट नाहीत, उलट चांगलेच आहेत. पण ते सांभाळायला जी माणसं पुढे येतात ती क्वचितच प्रार्थना करणारी असतात. मराठी मंडळ्यांना मिशनने जागा, शाळा, बंगले ठेवले, आणि पुढच्या दोन पिढ्या बऱ्याच ठिकाणी कोर्टाच्या आवारात गेल्या. ज्यांनी तारखांना टिफिन नेले आहेत त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

त्यात परदेशातल्या बहीणभावांचा पैसा. मस्कतच्या भावाकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्याने बँकेतून पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही. टोरंटोच्या बहिणीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आहे, तिची धरली जाते. ती घ्यायची तर परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. चिंचवडच्या गाळ्यासाठी दिल्लीत खातं! बहीण मायेने पाठवेल आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन नोटिशीला उत्तर देत बसेल.

एवढं बोलून ‘तर मग घरीच बसा’ म्हणणं सोपं आहे, पण जालन्याच्या काकू ते म्हणू देत नाहीत. आणि पवित्र शास्त्रही देत नाही. गाळ्याच्या बाजूने सगळे इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय काढतात, एकत्र मिळणं सोडू नका, म्हणून. खरं आहे. पण मला वाटतं आमच्यासारख्यांसाठी नेमकं पत्र वेगळं आहे. योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र इतकी लहान आहेत की पान उलटताना हातून सुटतात. दोन्हींच्या शेवटी एकच गोष्ट येते: लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद-शाईने लिहायची इच्छा नाही, येऊन तोंडोतोंड बोलेन. दोन हजार वर्षांपूर्वीचा, लांबून संगती चालवणारा माणूस आपल्याच माध्यमाला कंटाळलेला दिसतो! आणि तिसऱ्या पत्राचा विषय काय? उपासना नव्हे, मंदिरही नव्हे. विषय आहे पाहुणे. गायस अनोळखी बंधूंना घरात घेतो म्हणून त्याचं कौतुक, आणि दियत्रेफेसाला पुढारपणाची हौस, तो त्यांना घेत नाही आणि घेणाऱ्यांनाही मंडळीबाहेर घालवतो, म्हणून त्याची तक्रार. तोंडोतोंड भेटणं म्हणजे पत्राच्या लेखकाच्या लेखी कोणाकडे तरी उतरणं, जेवणं, झोपणं.

पहिल्या मंडळ्या तरी कुठे होत्या? प्रिस्क आणि अक्विला या नवरा-बायकोच्या घरात. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात सापडलेलं चर्च हे इ. स. २४० च्या आसपासचं एक साधं राहतं घर आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा केलेली, एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद. आपल्याकडेही खेडोपाडी मिशनच्या शाळेची खोलीच रविवारी प्रार्थनामंदिर व्हायची. फळ्यावर शनिवारचा पाढा तसाच असायचा.

म्हणून माझं म्हणणं असं. जागा घेऊ या, पण चर्चची नको, घराची घेऊ या. मालकीची नको, भाड्याची. दोन खोल्या, चार खाटा, एक मोठं टेबल, गॅस, मोरी, संडास आत. पुण्यात, मोठ्या रुग्णालयांना रिक्षाने जाता येईल अशा ठिकाणी. कारण आमच्या रात्रीच्या सभेत सगळ्यांत जास्त प्रार्थना कशासाठी होते, हे आमच्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं: ऑपरेशन, केमो, डायलिसिस, तपासणीची तारीख. नगरहून, जालन्याहून बाई नवऱ्याला घेऊन येते, तो आत वॉर्डात आणि ती बाहेर जिन्यावर पिशवी उशाला घेऊन. आम्ही रात्री नऊला तिच्यासाठी मोठ्या आवेशाने प्रार्थना करतो आणि साडेनऊला आपापल्या गादीवर झोपतो. आमच्यातले किमान वीसजण पुण्यात राहतात.

त्या घरात पुलपिट ठेवायचं नाही, प्रभुभोजन करायचं नाही, बाप्तिस्मा द्यायचा नाही, वही उघडायची नाही. त्यासाठी प्रत्येकाने आपापल्या मंडळीत जावं, भांडण असेल तर भांडत जावं, पण वहीतलं नाव कमी करून घेऊ नये. ज्याला मंडळीच उरलेली नाही त्याला पुन्हा एखाद्या मंडळीत नेऊन पोचवणं, सेक्रेटरीशी ओळख करून देणं, हे संगतीचं काम. जालन्याच्या काकांसाठी आम्ही ते केलं नाही. दोन वर्षं त्यांच्या रागाला रोज रात्री सोबत दिली, एवढंच. शनिवारी संध्याकाळी त्या टेबलाभोवती पेटी-ढोलकी काढू आणि एकदाचं एका तालात गाऊ. फोन टेबलावर उभा करून ठेवू, म्हणजे काळा चौकोनही तिथेच असेल. रविवारी सकाळी मात्र घराला कुलूप. प्रत्येकजण आपापल्या चर्चला.

वेगवेगळ्या पंथांचे लोक एका घरात राहू शकतात याचं उदाहरण पुण्यातच आहे. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एका छताखाली राहिल्या. दोन्ही चर्चांमधला प्रभुभोजनाचा वाद काही त्यांच्यामुळे मिटला नाही, पण स्वयंपाकघर एक राहिलं.

यावर आक्षेप येणार, आणि ते मला माहीत आहेत. एक ताई म्हणतील, ही धर्मशाळा झाली, मंडळी नव्हे. कबूल. धर्मशाळा हा शब्द मला कमीपणाचा वाटत नाही. दुसरं कोणी म्हणेल, भांडी कोण घासणार, चादरी कोण धुणार, रात्री बाराला आलेल्या माणसाला दार कोण उघडणार? हा खरा आक्षेप आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. पहिल्या उत्साहाचे तीन महिने सगळे येतील, मग दोघी बायकांच्या अंगावर पडेल आणि पुरुष भजनाला येतील, हे आपल्याकडचं जुनं गणित आहे. चादरींची पाळी लिहून भिंतीवर लावल्याशिवाय आणि तीत पुरुषांची नावं आधी घातल्याशिवाय भाड्याचा पहिला हप्ता देऊ नये, असं माझं मत आहे. अकरा महिन्यांचा करार करावा. चालवता आलं नाही तर चावी परत द्यावी. विकायला काही नसेल, तर भांडायलाही फारसं काही नसेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तरुण मुलं म्हणतात, ‘आमच्या पिढीला आपलं म्हणावं असं ठिकाण द्या. जुन्या चर्चमध्ये आमचं कोणी ऐकत नाही.’ हे खोटं नाही. पण गाळा घेतल्यावरही शटरची चावी ज्याच्या खिशात असेल त्याचंच ऐकलं जाईल, आणि तो पंचविशीतला नसेल.

हे सगळं मी अखेर काल ग्रुपवर थोडक्यात मांडलं. उत्तरं संमिश्र आली, बरीचशी आलीच नाहीत. ज्या भावाने गाळ्याचा फोटो टाकला होता, त्यांनी आतल्या बाजूचे आणखी चार फोटो पाठवले. मी ते मोठे करून पाहिले. चारी भिंती, छत, विजेची बटणं, पंख्यांचे हुक. मी लिहिलं, ‘भाऊ, जागा छान आहे, पण मोरी कुठे दिसत नाही.’

त्यांनी लगेच लिहिलं, ‘उपासनेला मोरी कशाला लागते?’